पुवात जंतूच नाहीत, असे कसे?

ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या, म्हणजे अवायुजीवी जीवाणूंविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. ज्यांचा आशय सारखा होता, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे अपेंडिक्स फुटल्यामुळे ऑपरेशन करावे लागले. ते घरी आले. पण पंधरवड्यातच पुन्हा ताप येऊ लागला आणि सोनोग्राफीत पोटात पू साठल्याचे दिसले. पू काढला तेव्हा त्याला असह्य दुर्गंधी होती. तरीही लॅबच्या अहवालात ‘नो ग्रोथ’ असे लिहून आले. जंतूच नव्हते, तर डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक का चालू ठेवले? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डॉक्टरांचा निर्णय योग्य होता आणि लॅबचा अहवालही त्याच्या परीने खोटा नव्हता. ‘नो ग्रोथ’ याचा अर्थ एवढाच, की त्या नमुन्यातून, त्या पद्धतीने आणि तेवढ्या वेळात काही वाढले नाही. नेहमीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जीवाणू थाळीवर वाढवून पाहण्याची तपासणी, साध्या हवेत, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, एक-दोन दिवस ठेवले जाते. ज्या जीवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही, ते त्या थाळीवर उगवण्याची शक्यताच नसते. मोठ्या आतड्यातील बहुसंख्य जीवाणू याच जातकुळीचे असल्यामुळे, फुटलेल्या अपेंडिक्सनंतर साठलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या पुवात काहीच उगवले नाही असा अहवाल आला, की अवायुजीवी जीवाणूंचा संशय कमी होण्याऐवजी वाढायला हवा. ती दुर्गंधी या जीवाणूंच्या चयापचयातून बाहेर पडणारी मेदाम्ले, अमाइने आणि गंधकाची संयुगे यांची असते. वास नसला म्हणजे हे जीवाणू नाहीत असे म्हणता येत नाही. पण असा वास असला, तर ते आहेत असेच धरून चालावे.

असा पू कल्चरला लावण्याआधी त्याचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, ग्रॅम पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर चित्र अगदी बोलके असते. पांढऱ्या पेशींच्या गर्दीत फिकट गुलाबी काड्या दिसतात, त्यांतल्या काही आखूड, काही लांब, काही मध्येच फुगून पोकळ भासणाऱ्या. शेजारी जांभळ्या गोलकांच्या साखळ्या. आणि मधूनच दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली एखादी बारीक काडी. एकाच थेंबात चार-पाच आकारांचे जीवाणू आणि दोन दिवसांनी थाळीवर काहीच नाही किंवा फक्त ई. कोलाय हा हवेतही वाढणारा आतड्यातला जीवाणू, ही विसंगती लक्षात आली, की उत्तर मिळालेलेच असते. म्हणून कल्चरच्या अहवालाबरोबर ग्रॅम स्टेनमध्ये काय दिसले, हे विचारण्याचा आग्रह मी नेहमी धरतो.

हे जीवाणू वाढवायचे, तर नमुना घेण्यापासूनच काळजी घ्यावी लागते. कापसाचा बोळा जखमेवर फिरवून तो कोरड्या नळीत पाठवला, तर वाटेतच त्यांतले बरेचसे मरतात. पू सिरिंजमध्ये ओढून घ्यावा, आतली हवा काढून टाकून तोंड बंद करावे, तो फ्रिजमध्ये ठेवू नये आणि लगोलग लॅबमध्ये पोहोचवावा, हा नियम आहे. तेथे तो शिजवलेल्या मांसाच्या तुकड्यांच्या रॉबर्टसन माध्यमात आणि रक्तयुक्त थाळ्यांवर घातला जातो व त्या थाळ्या ऑक्सिजन काढून घेतलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवल्या जातात. ती बरणी निदान ४८ तास उघडायची नसते. काही प्रजातींना त्याहून पुष्कळ जास्त दिवस लागतात. तोंडातल्या प्रिव्होटेला गटातील काही जीवाणूंचे ठिपके थाळीवर काळपट व्हायला आठवडासुद्धा जातो, मात्र त्याआधीच अतिनील प्रकाशात ते विटकरी लाल चमकतात. इतकी सोय लहान शहरांतल्या अनेक लॅबमध्ये नसते, त्यामुळे डॉक्टर पूर्वानुभवावर उपचार करतात. आणि अपेंडिक्स फुटण्याच्या बाबतीत तो अनुभव भक्कम आहे.

भक्कम का, ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या पोटात मोठ्या आतड्यातील जीवाणूयुक्त पदार्थ ठेवून फुटलेल्या आतड्याची स्थिती निर्माण केली. आजार दोन टप्प्यांत पुढे गेला. पहिल्या काही दिवसांत ई. कोलायसारखे जीवाणू रक्तात शिरले आणि बरेच उंदीर दगावले. जे वाचले, त्या जवळजवळ सगळ्यांच्या पोटात आठवडाभरात गळू तयार झाले, आणि त्यात बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या अवायुजीवी जीवाणूचे प्राबल्य होते. ई. कोलायसारख्यांवर चालणारे जेंटामायसिन फक्त दिले, तेव्हा मृत्यू फार घटले, पण गळवे राहिली. अवायुजीवी जीवाणूंवर चालणारे क्लिंडामायसिन फक्त दिले, तेव्हा गळवे जवळजवळ नाहीशी झाली, पण मृत्यू घटले नाहीत. दोन्ही एकत्र दिल्यावरच दोन्ही टप्पे आवरले. आज पोटातील संसर्गात दोन प्रकारच्या जीवाणूंना पुरून उरणारे उपचार देतात, त्याचा पाया या प्रयोगांत आहे. तुमच्या वडिलांचा आधीचा सुधार आणि नंतर परतलेला ताप याच दुसऱ्या टप्प्यात बसतो.

बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा आतड्यातील एकूण जीवाणूंच्या अगदी थोडा, एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो, पण पोटातील पुवात सापडणाऱ्या अवायुजीवी जीवाणूंत तो सर्वांत पुढे असतो. त्याच्याभोवती बहुशर्करेचे जे आवरण आहे, त्याच्यामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा त्या जागी गळू बांधू लागते. हे आवरण असलेले मारून टाकलेले जीवाणू दिले, तरीही प्राण्यांमध्ये गळू झाल्याचे दिसले आहे. गळवाच्या आत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ऑक्सिजन पोहोचत नाही आणि औषधही पुरेसे पोहोचत नाही. जेंटामायसिन किंवा त्याच गटातले अमिकासिन तर तेथे निरुपयोगीच, कारण जीवाणूच्या पेशीत शिरण्यासाठी त्यांना ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. मेट्रोनिडाझोलचे याच्या उलट आहे: ऑक्सिजन नसलेल्या पेशीत शिरल्यावरच त्याच्या रेणूत बदल होतो आणि तो जीवाणूचा डीएनए तोडतो. तरीही पू बाहेर काढणे हा मूळ उपचार आणि औषध त्याच्या जोडीला, हा क्रम विसरता येत नाही. ‘नळी घालू नका, गोळ्यांनीच बरे करा’ असा हट्ट काही कुटुंबे धरतात. मोठ्या गळवाच्या बाबतीत तो हट्ट रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : असे घातक जंतू आपल्या शरीरात मुळात राहतातच कसे? ते कायमचे काढून टाकता येत नाहीत का? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : ते काढून टाकू नयेत, हे पहिले उत्तर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर हिशेबानुसार, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी असतात. यांतले बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात; तेथील एका ग्रॅम मळात सुमारे दहा हजार कोटी जीवाणू असतात आणि त्यांत ऑक्सिजनशिवाय जगणारे हे इतरांच्या शेकडो पटींनी अधिक असतात. हिरड्या आणि दात यांमधली फट, टॉन्सिलच्या खोबणी, योनिमार्ग, त्वचेतील तैलग्रंथींची तळघरे या त्यांच्या इतर वस्त्या.

नवजात बाळाच्या आतड्यात आधी ई. कोलायसारखे, ऑक्सिजन असताना आणि नसतानाही जगू शकणारे जीवाणू वाढतात. ते तिथला उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि त्यानंतरच बिफिडोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स वगैरे मंडळी स्थिरावतात. पुढे आयुष्यभर ही मंडळी आपल्याला न पचणाऱ्या तंतूंचे ब्युटिरेटसारख्या आम्लांत रूपांतर करतात, ज्यावर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. शिवाय बाहेरून आलेल्या रोगजंतूंना त्यांच्यामुळे जागा मिळत नाही. या वस्तीचा अभ्यास आपल्याकडेही झाला आहे: पुण्यातील संशोधकांनी निरोगी भारतीयांच्या मळातून वेगळ्या केलेल्या एका नव्या अवायुजीवी प्रजातीला २०१४ साली मेगास्फेरा इंडिका असे नाव देण्यात आले.

त्रास सुरू होतो तो जागा बदलल्यावर. आतड्याला छिद्र पडले, दात किडून मुळापर्यंत गेला, शुद्ध हरपून तोंडातला स्राव फुप्फुसात उतरला, किंवा एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तेथील ऑक्सिजन संपला, की आपलेच रहिवासी त्या जागी संसर्ग घडवतात. म्हणून असा संसर्ग दिसला, की ‘हा कोणाकडून लागला?’ यापेक्षा ‘कोणता बांध फुटला?’ हे शोधायचे असते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. दोन महिन्यांनी खोकला, ताप आणि अत्यंत घाण वासाचा कफ सुरू झाला. क्षयाच्या तपासण्या निर्दोष आल्या. छातीतज्ज्ञांनी फुप्फुसात गळू असल्याचे सांगून आधी दातांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले. फुप्फुसाचा आणि दातांचा काय संबंध? — एक वाचिका, पुणे

उत्तर : संबंध फार जवळचा आहे. झटक्यानंतर गिळण्याची क्रिया बिघडते, ठसका वेळेवर लागत नाही, आणि झोपेत तोंडातली लाळ श्वासनलिकेत उतरते. त्या लाळेत किती आणि कोणते जीवाणू असतील, हे हिरड्यांच्या आरोग्यावर ठरते. हिरडी दातापासून सुटली, की तेथे खिसा तयार होतो, आणि चार-पाच मिलिमीटर खोल गेलेल्या अशा खिशात ऑक्सिजन जवळजवळ नसल्यामुळे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, फ्युसोबॅक्टेरियम यांसारखे जीवाणू माजतात. उताण्या झोपलेल्या माणसात ही लाळ बहुधा उजव्या फुप्फुसाच्या मागच्या भागात जाते, आधी न्यूमोनिया होतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तेथे पोकळी तयार होते. तोंडात एकही दात नसलेल्या व्यक्तीला असे गळू क्वचितच होते, यावरून दातांचा वाटा लक्षात यावा.

आपल्या देशात फुप्फुसात पोकळी दिसली, की आधी क्षयाचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. मात्र कफाच्या तपासण्या निर्दोष आल्यावरही केवळ एक्स-रेवर विसंबून क्षयाची औषधे सुरू करण्यापूर्वी, कफाला येणारा वास आणि दातांची अवस्था हे दोन बिनखर्चाचे पुरावे पाहिले जावेत, असे मला कळकळीने वाटते. थुंकलेला कफ अवायुजीवी कल्चरला पाठवून काही उपयोग नसतो, कारण तोंडातून येताना त्यात तेथील जीवाणू मिसळतातच. पोटातील गळवाच्या उलट, फुप्फुसातील बहुतेक गळवांना छेद द्यावा लागत नाही. ते श्वासनलिकेवाटे स्वतःच रिकामे होत जाते. औषधे मात्र कित्येक आठवडे घ्यावी लागतात आणि ताप उतरला म्हणून ती मध्येच सोडू नयेत. घरी सासूबाईंना भरवताना पूर्ण बसवावे, भरवल्यावर लगेच आडवे करू नये, आणि रात्री झोपण्यापूर्वी दात, हिरड्या व जीभ मऊ ब्रशने स्वच्छ करावी.

या निमित्ताने एक जुनी नोंद सांगतो. मेट्रोनिडाझोल हे मूळचे योनिमार्गातील ट्रायकोमोनास या परजीवीवरचे औषध. १९६२ साली लंडनमध्ये ते घेणाऱ्या एका स्त्रीच्या हिरड्यांचा व्रणयुक्त दाहही बरा झाल्याचे शिन नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते प्रसिद्ध केले. अवायुजीवी जीवाणूंवरचे आजचे हे मुख्य औषध एका रुग्णाच्या बोलण्याकडे लक्ष दिल्यामुळे हाती लागले.

ज्यांना दाढदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणण्याची सवय आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: खालच्या दाढेच्या दुखण्यानंतर हनुवटीखाली दोन्ही बाजूंना कडक सूज आली, जीभ वर उचलली गेली, गिळता येईना किंवा आवाज बदलला, तर ते दातांपुरते दुखणे राहिलेले नसते. जर्मन शल्यचिकित्सक लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला हा संसर्ग काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकतो. त्या वेळी दवाखाना उघडण्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे.

प्रश्न : मला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. पायाच्या जखमेवर मी रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओततो, कारण त्याने ऑक्सिजन निघून जंतू मरतात असे ऐकले आहे. हे बरोबर आहे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : रोज ओतू नये. फेस वरच्या वर येतो. खोलवर, हाडाजवळ, रक्तपुरवठा तुटलेल्या मृत ऊतींत जे जीवाणू असतात, तिथपर्यंत तो पोहोचत नाही, आणि भरून येऊ पाहणाऱ्या नव्या पेशींना मात्र त्याने इजा होते. अशा जुनाट जखमेत हवेत वाढणारे आणि अवायुजीवी असे दोन्ही जीवाणू एकत्र नांदतात व एकमेकांना पोषक स्थिती निर्माण करून देतात. त्यामुळे मृत ऊती कापून काढणे, पायाचा रक्तपुरवठा तपासणे, जखमेवर भार न देणे आणि साखर आटोक्यात ठेवणे यांना पर्याय नाही. जखमेला अचानक घाण वास येऊ लागला, भोवतालची कातडी काळी-निळी पडली, दाबल्यावर त्वचेखाली करकर जाणवली किंवा दिसणाऱ्या जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त असल्या, तर तीच रात्र महत्त्वाची असते. त्वचेखाली वायू धरू लागला आहे, अशी ती खूण असू शकते. उलट, मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर वेदना जाणवणारही नाहीत, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नये.

प्रश्न : गंजलेला खिळा लागला, की धनुर्वात होतो, म्हणून दरवेळी टीटीचे इंजेक्शन घ्यावे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : धनुर्वात गंजामुळे होत नाही. क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत तग धरून राहणारी त्याची सुप्त रूपे, माती, शेण, धूळ यांत असतात. खिळा बराच काळ मातीत पडलेला असतो आणि त्याने झालेली जखम तोंडाशी अरुंद व आत खोल असते, म्हणून ती धोक्याची. तळाशी ऑक्सिजन कमी असतो, तेथे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. ते विष नसांवाटे मज्जारज्जूपर्यंत जाऊन स्नायूंना सैल सोडणारे संदेश रोखते, म्हणून जबडा बसतो आणि पाठ कमानीसारखी ताठते. शेतात अनवाणी काम करताना लागलेला बाभळीचा काटा याच कारणाने खिळ्याइतकाच गंभीरपणे घ्यावा. हा जीवाणू शुद्ध स्वरूपात प्रथम वाढवला तो जपानी संशोधक कितासातो यांनी, १८८९ साली.

लहानपणीचे सर्व डोस आणि १० व १६ व्या वर्षीचे टीडी (धनुर्वात व घटसर्प यांवरची एकत्रित लस) झाले असतील, तर प्रत्येक ओरखड्याला इंजेक्शनची गरज नसते. स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटच्या डोसला दहा वर्षे, आणि मातीने माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षे होऊन गेली असतील, तर डोस घ्यावा. पूर्वी लसीकरण झालेच नसेल आणि जखम घाण असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. एकदा धनुर्वात होऊन गेलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. कारण जीव घेण्यास पुरेसे असलेले विष इतके अल्प असते, की त्याने प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. नाळेवर शेण किंवा राख लावण्याची प्रथा आणि लस न मिळालेल्या माता यांमुळे एके काळी आपल्याकडे असंख्य नवजात बालके दगावत. रुग्णालयातील प्रसूती आणि गरोदरपणातील लसीकरण यांमुळे चित्र बदलले आणि माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. जंतू मातीतून गेलेला नाही, त्यामुळे लसीत खंड पडू देता येत नाही.

प्रश्न : बाळगुटीबरोबर मध चाटवायला डॉक्टर मनाई करतात. आमच्या घरी तर पिढ्यान्‌पिढ्या मध दिला जातो. — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, डॉक्टरांचे ऐकावे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या अवायुजीवी जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातील भरगच्च जीवाणूवस्तीत ते रुजत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळाची ती वस्ती अजून भरलेली नसते, म्हणून क्वचित ते तेथे वाढून विष तयार करतात. बाळाला आधी शी होत नाही, मग रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही आणि अंग लुळे पडते. हा आजार वैद्यकाला १९७६ सालापासूनच ठाऊक आहे, त्यामुळे मागच्या पिढ्यांना तो माहीत नसणे स्वाभाविक आहे. मध घरचा असो, महागाचा असो वा कोमट केलेला असो, बीजाणू त्याने मरत नाहीत. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध आणि मध पहिल्या वाढदिवसानंतर.

प्रश्न : अँटिबायोटिक घेतल्यावर जुलाब लागले, तर पोट बिघडले समजून मेट्रोनिडाझोल-ऑफ्लॉक्सासिनसारखी गोळी घ्यावी का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : स्वतःहून घेऊ नये. बहुतेक वेळा औषध संपल्यावर असे जुलाब आपोआप थांबतात. पण आतड्यातील नेहमीची वस्ती औषधाने विरळ झाली, की क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसाइल हा जीवाणू डोके वर काढू शकतो. नवजात बाळांच्या मळात तो १९३५ सालीच सापडला होता. अँटिबायोटिकनंतरच्या गंभीर आतड्यादाहाचे कारण तो आहे, हे १९७८च्या सुमारास उलगडले. दिवसातून तीन किंवा अधिक पातळ जुलाब, ताप, पोटात कळा अशी लक्षणे असतील, विशेषतः रुग्ण वयस्क असेल किंवा नुकताच रुग्णालयातून आला असेल, तर मळाची या जीवाणूच्या विषासाठी तपासणी करावी, आणि जुलाब बांधणारी गोळी देऊ नये. आणखी एक अँटिबायोटिक मनाने घेतल्याने वस्ती अधिकच उजाड होते. घरातील व्यक्तीला हा आजार असल्याचे निष्पन्न झाले, तर सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये, कारण अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. हात साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावेत आणि शौचालय ब्लीचच्या द्रावणाने पुसून घ्यावे.